दोनशे पंधरा : डी

मुलीच्या हातात पुस्तक नाही, हे श्रीमंत सरगरला शनिवारी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी कळलं. त्यानं 'दोनशे चौदा' असा पुकारा केला होता, राजनंदिनीनं 'बी' म्हटलं होतं, त्यानं उत्तरसूचीतल्या बीवर पेन्सिलीनं बरोबरची खूण केली होती, आणि 'दोनशे पंधरा' म्हणता म्हणता पाण्याच्या तांब्याकडे हात न्यायला मान वळवली होती. मान वळवणं हा काही गुन्हा नव्हे. पण दोन वर्षांत ह्या वेळेला त्यानं ती कधी वळवली नव्हती, कारण सूचीवरची नजर हलली की ओळ चुकते. तर मान वळली, आणि मागच्या फळीवर प्रश्नांचं जाडजूड पुस्तक दिसलं. पुस्तकावर भाकरीची टोपली होती, टोपलीवर ओलं फडकं होतं, आणि फडक्याचं पाणी गळून पुस्तकाच्या पाठीवर वाळल्याच्या पाच-सहा जुन्या रेघा होत्या. म्हणजे पुस्तक तिथं आज गेलेलं नव्हतं. "डी," खाटेवरून राजनंदिनी म्हणाली. तिचे दोन्ही हात स्वतःच्या वेणीत होते आणि रबरबँड दातात होता, त्यामुळं डी जरा दबून आला. श्रीमंतनं सूचीत पाहिलं. दोनशे पंधरा, डी. उत्तर बरोबर होतं.

कानात विहिरीचं पाणी जावं तसं झालं. बाहेर नळावर भांडी वाजत होती ती लांब गेली, आत स्टोव्हपाशी विजयमाला चहा गाळत होती तीही लांब गेली, आणि मध्ये फक्त त्याची आणि पोरीची खोली उरली. सवयीनं त्याच्या तोंडातून 'दोनशे सोळा' निघून गेलं. "ए." बरोबर. मग त्यानं सूचीची पानं भराभर मागं लोटली, जणू चोर पळायच्या आत दुसऱ्या दारानं गाठावा. "पाच हजार एकतीस." "ए." बरोबर. "बारा." "सी." बरोबर. "सहा हजार सहाशे सहासष्ट." ह्यावर ती जरा थांबली आणि श्रीमंतला, का कोण जाणे, बरं वाटलं. रबरबँड दातातून काढून ती म्हणाली, "त्येचं छापताना चुकलंय, पप्पा. सूचीत बी हाय, क्लासच्या सरांनी डी करून घ्या म्हणून सांगितलंय. कुटलं सांगू?"

"पुस्तक कुटाय?"

"फळीवर."

"आन् तू बगतीस कशात?"

"कशात न्हाय."

"मग सांगतीस कसं?"

"तुमी नंबर सांगताय की."

ह्यात तिला काही वेगळं वाटत नव्हतं. श्रीमंतनं घसा खाकरला. त्याला जे विचारायचं होतं ते विचारायला त्याला भीती वाटत होती, आणि सहा वाजून बारा मिनिटांनी स्वतःच्या मुलीची भीती वाटावी ह्याचीही थोडी वाटत होती. "दोनशे पंधरात काय इचारलंय?" राजनंदिनीनं वेणीचा शेवट बघितला, त्यातला फाटे फुटलेला एक केस तोडला. "ते न्हाय म्हाईत." "दोनशे चौदात?" "पप्पा," घरात साखर संपलीय हे सांगावं तशी ती म्हणाली, "प्रश्न मला येकबी येत न्हाय." आतून विजयमालाचा आवाज आला, "आवो, गप का झालाय? सव्वासहा व्हायला आले." तिला ह्या पुकाऱ्याची सवय झाली होती. आकडा, अक्षर, आकडा, अक्षर, ह्या तालावर तिची कणीक मळून व्हायची. शेजारची ईरम्मा तर म्हणायची की तुमच्या घरचं ऐकून मला घड्याळ लागत नाही.

परीक्षा उद्याचा रविवार सोडून पुढच्या रविवारी होती. डॉक्टरकीला घेण्यासाठी देशभरची पोरं एकाच दिवशी बसतात ती परीक्षा, एकशे ऐंशी प्रश्न, तीन तास. श्रीमंतनं चहा घेतला, त्यावर आलेली साय बोटानं बाजूला केली, डबा घेतला आणि कामाला गेला, कारण ह्यापेक्षा दुसरं काय करायचं असतं ते त्याला ठाऊक नव्हतं. अक्कलकोट रोडच्या टॉवेल कारखान्याचं गोदाम तापायला लागलं होतं. तिथं त्याचं काम बावीस वर्षं एकच. ट्रक लागला की दारात यादी घेऊन उभं राहायचं आणि गठ्ठ्याचा नंबर पुकारायचा. ट्रकवर चढलेला बसलिंगप्पा गठ्ठ्यावरचं अक्षर ओरडून सांगायचा. ए म्हणजे लाल काठ, बी निळा, सी हिरवा, डी पांढरा. अक्षर यादीशी जुळलं की खूण, पुढचा नंबर. ह्याला मेळ घालणं म्हणतात. मेळ बसला की ट्रक हलतो. गठ्ठा गोणपाटात शिवलेला असतो, आत काय आहे ते कुणी बघत नाही. आणि बघत बसलं असतं तर सोलापूरचा टॉवेल सोलापुरातच राहिला असता. एकदा चौदा गठ्ठ्यांतून नुसत्या चिंध्या परराज्यात गेल्या होत्या. तिकडून फोन आला, मालकानं यादी मागवली, यादीत चौदाच्या चौदा खुणा होत्या. मेळ बसलेला होता, म्हणून चूक कुणाचीच निघाली नाही. त्या दिवशी श्रीमंत आणि बसलिंगप्पा एकमेकांकडं बघून हसले होते. आज बसलिंगप्पा वरून म्हणाला, "का रे श्रीमंता, नंबर टाक की. ऊन डोक्यात शिरलंय का?" श्रीमंतनं नंबर टाकला. वरून "सी" आलं. खूण करायला पेन्सिल टेकवली आणि त्याला एकदम वाटलं, खाली उतर म्हणावं ह्याला, फाड म्हणावं ते गोणपाट, दाखव मला काठ. असलं काही तो म्हणाला नाही. फक्त खूण जरा जास्त दाबली गेली आणि पेन्सिलीचं टोक मोडलं.

हा पुकारा घरी आणला तो त्यानंच. राजनंदिनी दहावीपर्यंत मराठी शाळेत, मार्क चांगले पडले, मग सगळे म्हणाले पोरीला डॉक्टर कर, आणि तिला सात रस्ता चौकाजवळच्या शिवयोगी सरांच्या क्लासला घातली. तिथून पहिल्याच दिवशी सात हजार दोनशे प्रश्नांचं पुस्तक आलं. सर त्याला 'बँक' म्हणायचे. सगळी बँक इंग्रजीत. श्रीमंतनं पुस्तक उघडलं, मिटलं, डोक्याला लावलं आणि पोरीला दिलं. विजयमाला म्हणाली, "तिला कुणीतरी घिऊन बसाया पायजे. शेजारच्याचा बाप बसतो की." शेजारच्याचा बाप मास्तर होता. श्रीमंत चार दिवस पुस्तक नुसतं उचलून ठेवत होता. पाचव्या दिवशी त्याला पुस्तकाच्या मागं खोचलेली ती वही सापडली, उत्तरसूची. सगळ्या पानांवर नंबर, आणि नंबरापुढं ए, बी, सी किंवा डी. दुसरं एक अक्षर नाही. त्यानं ती उभ्या उभ्या चाळली आणि त्याच्या छातीत असं काही भरून आलं की त्यानं ती विजयमालाला दाखवली. हे तर त्याला येत होतं. ह्यात त्याच्याइतकं पटाईत अख्ख्या वस्तीत कुणी नव्हतं. दुसऱ्या दिवशी पहाटे तो दारातल्या उजेडाला बसला, ती खाटेवर, मांडीवर बँक. होती, तेव्हा मांडीवर बँक होती, हे त्याला नक्की आठवत होतं. तिचं बोट ओळीवरून मुंगीसारखं चालायचं, ओठ हलायचे. मग ती मांडीवरून फळीवर गेली कधी? पावसाळ्यात? बारावीच्या सुरुवातीला पोरगी आजारी होती तेव्हा? रोज एक तास तिच्यासमोर बसून त्यानं तिच्याकडं नीट पाहिलं नव्हतं, हे त्याला ट्रक गेल्यावर रिकाम्या दारात उभं असताना कळलं आणि तो एका गठ्ठ्यावर बसला. गठ्ठ्यावर डी होतं.

त्याच्या बापाला, बिरुदेवाला, विसाच्या पुढं मोजता येत नव्हतं. सांगोल्याकडच्या माळावर त्याची मेंढरं. दिवस मावळताना कळप काट्यांच्या वाड्यात शिरायचा तेव्हा म्हातारा कुंपणाच्या फटीपाशी काठी टेकून उभा राहायचा, तोंडातल्या तोंडात काहीबाही बोलत, आणि शेवटचं मेंढरू आत गेलं की म्हणायचा, आल्यात. श्रीमंत सहावीत गेला तेव्हा त्याला बापाची लाज वाटायला लागली. त्यानं एका संध्याकाळी फटीच्या दुसऱ्या बाजूला उभं राहून मोजलं आणि ओरडून सांगितलं, त्र्याऐंशी, बरोबर. बिरुदेव म्हणाला, "बराबर न्हाय. तांबड्या कानाची न्हाय आली. आन् त्यो कोपऱ्यातला आपला न्हवं." त्र्याऐंशी ते त्र्याऐंशीच होते, एक घरचं माळावर राहिलं होतं आणि एक दुसऱ्याचं आत आलं होतं. श्रीमंतला त्या वेळी बापाचा राग आला होता. हिशेब जुळल्यावर सुद्धा हा माणूस कंदील घेऊन निघतोय म्हणजे काय. तो राग पस्तीस वर्षांनी गोदामात, दुपारी एक वाजता, उलटा फिरून त्याच्याच अंगावर आला. 

अर्धी रजा टाकून तो क्लासला गेला. सात रस्त्याच्या गर्दीतून गाडी काढताना दोघांनी त्याला शिव्या घातल्या, त्या त्याला लागल्या नाहीत. शिवयोगी सर कॉम्प्युटरवर होते. "या या, सरगर. वेळेवर आलात. नोडी, बघा बघा." पडद्यावर राजनंदिनी होती. परीक्षा व्हायच्या आधीच निकालाचा फ्लेक्स तयार होता. तिच्या फोटोला वरून पांढरा कोट चढवला होता, गळ्यात स्टेथोस्कोप होता आणि खाली मार्कांची चौकट तेवढी रिकामी ठेवली होती. "नंतर प्रिंटवाल्याकडं लाईन लागते हो," सर म्हणाले. "मागच्या सराव परीक्षेत तुमच्या मुलीला सातशे वीसपैकी सहाशे शहाण्णव आहेत. माझ्या आयुष्यात अशी विद्यार्थिनी नाही."

"सर, तुमच्या पेपरात नंबर आसतो का?"

"कसला नंबर?"

"बँकेतला."

"असतो की. प्रत्येक प्रश्नाच्या शेवटी कंसात. घरी जाऊन पोरांना शोधता यावा म्हणून. सोयीसाठी."

"आन् त्या परीक्षेत?"

"कुठल्या?"

"खऱ्या."

सर हसले. "तिथं कशाला आपल्या बँकेचा नंब—" आणि थांबले. श्रीमंतनं सांगितलं. थोडक्यात सांगितलं, कारण सांगण्यासारखं थोडंच होतं. सरांनी शेजारच्या अभ्यासिकेतून राजनंदिनीला बोलावून घेतलं. ती आली, बापाला तिथं बघून तिनं ओढणी नीट केली. सरांनी बँक उघडली आणि एक प्रश्न इंग्रजीत वाचला, मोठ्यानं, सावकाश, चारही पर्यायांसकट. मग वर बघितलं. राजनंदिनी नम्रपणे म्हणाली, "नंबर काय, सर?" सरांनी आणखी एक वाचला. तिनं खाली बघितलं. सरांच्या चष्म्यावर पंख्याची सावली गरगरत होती. शेवटी त्यांनी हळूच, परीक्षा बघावी तसं नव्हे तर अंधारात पायरी चाचपावी तसं विचारलं, "तीन हजार नऊशे अठरा?" "सी," ती म्हणाली. सरांनी पान उलटून पाहिलं आणि पुस्तक मिटलं. "सगळी?" त्यांनी विचारलं. "सात हजार दोनशे?" "व्हय, सर. चुकीच्या छापलेल्या धरून." सरांनी पाणी प्यायलं, बाटलीचं झाकण लावलं, ते परत उघडलं. "पालकांनी घाबरून जायचं नाही," ते म्हणाले. पुढं काहीतरी येईल म्हणून श्रीमंत थांबला, पण पुढं काही नव्हतं. मग सरांचा हात माउसकडं गेला, एक टिचकी वाजली आणि पडद्यावरच्या राजनंदिनीच्या अंगावरचा कोट गेला. ती तिच्या साध्या निळ्या ड्रेसमध्ये उभी राहिली, गळ्यात स्टेथोस्कोप तसाच.

घरी जाताना ती गाडीवर मागं बसली. तिला त्याचं तोंड दिसत नव्हतं आणि त्याला तिचं. कदाचित म्हणूनच बोलणं झालं. "कवापासनं?" त्यानं वाऱ्याला विचारलं. "आकरावीच्या दिवाळीपासनं." "का पर?" ती मागून म्हणाली, "प्रश्न वाचाया येळ लागायचा, पप्पा. आदी शब्द लावायचा, मग त्येचा अर्थ, मग इचार. तवर तुमी वर बगायचा."

"मी काय म्हणलो का कदी?"

"म्हणला न्हाय कदी. बगायचा."

मग ती सांगत गेली, एखाद्या तिसऱ्याच माणसाची हकीकत सांगावी तशी. ती थांबली की त्याचं पेन्सिल धरलेलं बोट थांबायचं. मग भुवया. मग तोंडाची एक बाजू खाली यायची. एके दिवशी तिनं न वाचताच 'बी' म्हणून टाकलं, ते बरोबर निघालं आणि तो हसला. "लई हसला. आईला म्हणला, बग, कशी फाडफाड सांगतीय. मग मी रातचं बसून दुसऱ्या दिवसाचं पानभर पाठ केलं. मग रोजच." श्रीमंत गाडी चालवत होता. सिग्नलला थांबल्यावर त्यानं आरशात बघितलं. आपण दुसऱ्याकडं बघताना आपलं तोंड कसं दिसतं, हे कुठल्याच माणसाला ठाऊक नसतं; पन्नाशीला आल्यावर तो ते आरशात शोधायला गेला, तर त्याला स्वतःचा एक कान आणि मागचा ऊस भरलेला ट्रॅक्टर दिसला. त्यानं तोंडाची एक बाजू खाली आणून बघितली. शेजारच्या रिक्षावाल्यानं विचारलं, "क्या हुआ चाचा, दाँत दुखते क्या?" सिग्नल सुटला. "सात हजार दोनशे," तो म्हणाला. "आवगड गेलं न्हाय?" "ते सोपं हुतं," मागून आवाज आला. "प्रश्न आवगड हुते."

विजयमालानं सगळं ऐकून घेतलं, भाकरी उलटली आणि विचारलं, "म्हंजी तिला येतंय का न्हाय येत?" ह्या प्रश्नाचं उत्तर चार अक्षरांपैकी कुठलंच नव्हतं. "फारम भरलाय, बसू द्या तिला," ती म्हणाली. "आन् तुमी तिच्या म्होरं बसू नगा." म्हणून दुसऱ्या दिवशी, रविवारी, पहाटे सहाला तो बाहेर पायरीवर बसला, रस्त्याकडं तोंड करून, दाराकडं पाठ. आत टोपली उचलल्याचा आवाज झाला, पुस्तक फळीवरून खाली आलं. मग काही नाही. असली शांतता ह्या घरात दोन वर्षांत झाली नव्हती. ईरम्मा दारात आली. "पोरीला बरं नाही काय?" "बरंय." "मग हाक का नाही आज?" श्रीमंतनं आत कान लावला. एक पान उलटल्याचा आवाज आला तेव्हा त्याला हायसं वाटलं, आणि मग दुसरं पान उलटेना. दूधवाला गेला. पेपरवाला गेला. अंगावर उन्हाची पहिली पट्टी आली. त्याची बोटं मांडीवर आपोआप हलत होती, उठावं आणि आत जाऊन ते पान स्वतःच्या हातानं उलटावं असं त्याला सारखं वाटत होतं. त्यानं दोन्ही हात मांड्यांखाली घातले आणि त्यांच्यावर बसला. बसल्यावर त्याला कळलं की आपलं तोंड आत्ता नक्की तसं झालं असणार. बरं झालं की समोर फक्त नाली आहे. सोमवारी तीन पानं झाली. मंगळवारी दोनच, आणि मध्येच ती आतून "हां" म्हणाली, स्वतःशीच, बारीक. श्रीमंत दचकून उभा राहिला, परत बसला. बुधवारी तिनं आईला विचारलं की पित्त कुठं असतं, आईनं पोटावर हात ठेवून दाखवलं, दोघी हसल्या. सात दिवसांत सात हजार दोनशेपैकी किती होतील हे त्यानं एकदाच मनात काढून बघितलं आणि मग त्या आकड्याच्या जवळ फिरकला नाही. सरांचा फोन आला होता. यंदा अनुभव म्हणून बसू द्या, ते म्हणाले, आणि फ्लेक्सचा विषय दोघांनीही काढला नाही.

परीक्षेच्या दिवशी सेंटरच्या फाटकाबाहेर चव्वेचाळीस डिग्रीत चारशे आई-बाप उभे होते. कुणी पोरीच्या कानातलं काढून घेत होतं, कुणी पोराच्या शर्टाची लांब बाही ब्लेडनं कापत होतं, कारण आत पूर्ण बाही चालत नाही. एक बाप फाटकाच्या गजातून मुलाला शेवटचं सूत्र सांगत होता आणि मुलगा कानावर हात ठेवून आत पळत होता. राजनंदिनी मागं न बघता गेली. दीड वाजता फाटक लागलं, दोनला पेपर सुरू झाला. श्रीमंत समोरच्या दुकानाच्या सावलीत उभा राहिला, सावली सरकेल तसा सरकत गेला. आत कागदावर चार-चार गोल असतील, एकशे ऐंशी रांगा, आणि एकाही रांगेच्या शेवटी कंस नसेल. ती पहिल्या प्रश्नापाशी बसली असेल. तिच्यासमोर कुणी बसलेलं नसेल. हे आठवून त्याला आधी रडू येईल असं वाटलं, मग तसं काही झालं नाही. छाती मात्र कुणीतरी आतून वीट काढून घ्यावी तशी हलली.

पाच वाजता पोरं बाहेर आली, प्रत्येकाभोवती तीन-तीन मोठी माणसं, कितवा कसा गेला, फिजिक्स लांब होतं का. ती सगळ्यांत शेवटी आली. त्यांनी कोपऱ्यावर रसाचे दोन ग्लास घेतले. त्यानं विचारायचं नाही असं ठरवलं होतं, म्हणून तिनंच सांगितलं. "सत्तेचाळीस वाचून झाले, पप्पा. तेवढेच लिवले." "बाकीचे?" "कोरे सोडले." "आंदाजानं येकादं..." तो म्हणाला. सत्तेचाळीसच्या सत्तेचाळीस बरोबर आले तरी कुठल्याच कॉलेजचं दार उघडत नाही, एवढा हिशेब त्याला येत होता. पांढरा कोट यंदा नाही. पुढच्या वर्षी असेल का, तेही कुठं लिहिलेलं नव्हतं. आपल्या पायाखालचा रस्ता अजून तसाच आहे ह्याचं त्याला नवल वाटलं. रिक्षा जात होत्या. रसवाल्यानं चरकाला नवा ऊस लावला, घुंगरू वाजलं.

"येक प्रश्न सांगू?" ती म्हणाली.

श्रीमंतनं मान हलवली.

"झाडाच्या खोडाची साल काढली. चौफेर, बांगडीगत. आतलं लाकूड हाय तसंच ठिवलं. तर आदी काय मरंल? पानं का मुळं?"

पानं, असं त्याच्या जिभेवर आलंच होतं. तो थांबला. टेंभुर्णीच्या रस्त्याला एक वड होता. रस्ता रुंद व्हायच्या वर्षी कुणीतरी त्याची साल कमरेच्या उंचीवर सोलून काढली होती, हातभर रुंदीची, सगळीकडून. येता-जाता एसटीतून दिसायचा. लोक म्हणायचे मरतोय आता, पण तो कुठला मरतोय, वरून हिरवागार, खाली चहाची टपरी चाललेली, पाखरं बसलेली. वर्षभर तसा. मग एका दुपारी वारा म्हणावं असा वारा नसताना तो आडवा झाला, आणि वर आलेली मुळं बघायला श्रीमंत मुद्दाम उतरला होता. भुसा झालेली होती. हे सगळं आठवायला किती वेळ लागला कुणास ठाऊक. रसातला बर्फ वितळत होता. आता ही आपल्या तोंडाकडं बघत असेल, ह्या भीतीनं त्यानं वर पाहिलं. राजनंदिनी त्याच्याकडं बघत नव्हती. ती रस्त्याच्या पलीकडं कुठंतरी बघत, ग्लासातला बर्फ बोटानं सावकाश फिरवत होती, जणू तिला संध्याकाळपर्यंत दुसरं काही काम नव्हतं.

"मुळं," श्रीमंत म्हणाला.

"का?"

असं त्याला कुणी विचारलं नव्हतं. "खाणं वरनं येत आसंल," तो चाचरत म्हणाला. "पानातनं. सालीतनं खाली जात आसंल. वाट तुटली की... वरच्याला काय कळत न्हाय. खालचं उपाशी."

"मीबी त्येच लिवलं."

"मग बराबर हाय?"

"म्हाईत न्हाय," ती म्हणाली आणि बर्फाचा तुकडा दातांनी फोडला. "दुसरा सांगू?"